चित्र लिलावात विकताना: कमिशन, रिझर्व्ह आणि किमतीची हमी यांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या जुन्या वाड्यांत अजून चित्रं निघतात. कुठे आजोबांचं तैलरंगातलं व्यक्तिचित्र असतं, कुठे मुंबईत नोकरी केलेल्या काकांनी तरुणपणी हौसेनं घेतलेला एखादा कॅनव्हास. वाड्याची वाटणी होते, छप्पर उतरवलं जातं आणि चित्राचं काय करायचं हा प्रश्न पडतो. त्यातच घरातलं कुणीतरी पेपरात कोटींची बातमी वाचतं. वर्धा, यवतमाळ, भंडारा भागातून मला जे प्रश्न सारखे येतात, ते इथे घेतले आहेत. उत्तरं मुद्दाम विकणाऱ्याच्या बाजूनं लिहिली आहेत, कारण गावाकडचा माणूस या व्यवहारात बहुतेक वेळा विकणाराच असतो.

लिलावात कमिशन कोण देतं, विकणारा की घेणारा?

दोघंही देतात. बाजार समितीत तूर-सोयाबीन नेणाऱ्याला ही रचना लगेच कळेल. बोली लागते, भाव ठरतो, अडत आणि हमाली-तोलाईचा हिशेब होतो, हातात पट्टी येते. चित्राच्या लिलावात ज्या बोलीवर हातोडा पडतो तिला हॅमर प्राइस म्हणतात आणि तिथून दोन हिशेब निघतात. घेणारा त्या किमतीच्या वर बायर्स प्रीमियम भरतो. विकणाऱ्याच्या रकमेतून सेलर्स कमिशन कापलं जातं. दोन्ही पैसे लिलावगृहाकडे जातात.

घेणाऱ्याकडून प्रीमियम घ्यायला लंडनमध्ये सदबीज आणि ख्रिस्तीज या दोन मोठ्या लिलावगृहांनी 1975 साली सुरुवात केली. तेव्हा तो 10 टक्के होता. आज 20 टक्के किंवा त्याहून जास्त प्रीमियम सर्रास दिसतो. म्हणजे लिलावगृहाची मोठी कमाई घेणाऱ्याकडून होते. कमिशनची घासाघीस करायला बसाल तेव्हा ही गोष्ट डोक्यात असू द्या.

“सर, ते सगळं ठीक आहे, आपल्या हातात किती भेटन?”

हाच खरा प्रश्न आहे आणि कमिशनच्या टक्क्याआधी हाच विचारायला हवा. समजा हातोडा 10 लाखांवर पडला. बायर्स प्रीमियम 20 टक्के धरला तर घेणारा 12 लाख अधिक जीएसटी भरेल. तुमच्याकडून 10 टक्के कमिशन म्हणजे 1 लाख कापले जातील. कमिशन ही सेवा असल्यामुळे त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 18 हजार. विमा 1 टक्का धरला तर 10 हजार. कॅटलॉगच्या फोटोचे 5 हजार आणि गावाहून मुंबईपर्यंत पॅकिंग-वाहतुकीचे 12 हजार धरू. राहिले 8 लाख 55 हजार.

हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. प्रत्येक लिलावगृहाचे दर वेगळे असतात आणि फोटो, विमा यांवरचा जीएसटी मी इथे धरलेला नाही. पण घेणाऱ्यानं मोजलेले 12 लाख आणि तुमच्या हातातले साडेआठ लाख यांतलं अंतर बघा. म्हणून बोलणी करताना सरळ सांगा की इतक्या-इतक्या हॅमर प्राइसला माझ्या खात्यात किती जमा होतील, ते सगळी कपात दाखवून कागदावर लिहून द्या. चांगलं लिलावगृह असा कागद देतं. जे टाळाटाळ करतं, तिथे चित्र देऊ नका.

पेपरात आलेली कोटींची रक्कम चित्राच्या मालकाला मिळते का?

नाही. बातमीत बहुधा प्रीमियम धरून आकडा छापतात. 2017 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला ख्रिस्तीजमध्ये लिओनार्दोच्या नावावरचं ‘साल्वातोर मुंदी’ हे चित्र 45 कोटी डॉलरला गेलं, असं जगभर छापून आलं. हातोडा 40 कोटींवर पडला होता. वरचे पाच कोटी डॉलर हा घेणाऱ्यानं भरलेला प्रीमियम होता आणि त्याच्याशी विकणाऱ्याचा संबंध नव्हता.

आपल्याकडे वासुदेव गायतोंडे यांच्या 1970 मधल्या एका चित्राला सप्टेंबर 2025 मध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात 67 कोटींहून अधिक किंमत आली. गायतोंडे नागपूरला जन्मले, सय्यद हैदर रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकले. त्यामुळे अशा बातम्यांनंतर आपल्या भागात जुन्या चित्रांची चौकशी वाढते आणि ती वाढावी असंच मला वाटतं. निदान चित्रं भंगारात तरी जात नाहीत. फक्त बातमीतल्या आकड्यावर घराचं बजेट मांडू नका.

कमिशन कमी करून मिळतं का?

मिळतं. छापील दर ही बोलणीची सुरुवात असते. चित्र जितकं हवंहवंसं, तितकं कमिशन खाली येतं. फार मोठ्या कामांसाठी ते शून्यावर येतं आणि कधी लिलावगृह घेणाऱ्याच्या प्रीमियममधला काही भागही विकणाऱ्याला देतं.

या स्पर्धेचा एक धडा इतिहासात आहे आणि प्रत्येक विकणाऱ्याला तो माहीत असावा. 1990 च्या दशकात सदबीज आणि ख्रिस्तीज चांगली चित्रं मिळवण्यासाठी एकमेकांपेक्षा कमी कमिशन सांगू लागले. नफा आटला. मग दोघांच्या वरिष्ठांनी गुपचूप भेटून विक्रेत्याचं कमिशन आपसात ठरवलं. 1995 मध्ये आधी एकानं आणि काही आठवड्यांत दुसऱ्यानं, घासाघीस होणार नाही असं सांगत, जवळपास सारखेच दर जाहीर केले. विकणारा कुठल्याही दारात गेला तरी कापणी तीच! पुढे हे संगनमत उघडकीला आलं. ग्राहकांच्या दाव्यात दोन्ही कंपन्यांनी मिळून 51 कोटी 20 लाख डॉलर देण्याचं कबूल केलं. सदबीजचे माजी अध्यक्ष आल्फ्रेड टॉबमन 2001 मध्ये दोषी ठरले आणि तुरुंगात गेले.

अलीकडचं उदाहरण 2024 चं आहे. सदबीजनं विक्रेत्याचं कमिशन प्रत्येक चित्राच्या पहिल्या 5 लाख डॉलरवर सरसकट 10 टक्के ठरवून टाकलं आणि घेणाऱ्याचा प्रीमियम उतरवला. वर्षभरात, 2025 च्या सुरुवातीला, ही पद्धत मागे घेतली गेली. एवढ्या मोठ्या घरालाही एकच ठरलेला दर चालवता आला नाही. तेव्हा “आमचा दर फिक्स आहे” असं कुणी म्हटलं तर लगेच मान डोलवू नका. कमिशनवर हलत नसतील तर फोटो, वाहतूक, विमा यांतलं काही माफ करून घ्या. तिथे बहुतेक जण ऐकतात.

अंदाजित किंमत आणि रिझर्व्ह यांत काय फरक?

अंदाजित किंमत कॅटलॉगमध्ये छापलेली असते, उदाहरणार्थ 8 ते 12 लाख. रिझर्व्ह ही तुमच्यात आणि लिलावगृहात ठरलेली गुप्त किंमत. बोली त्याखाली राहिली तर चित्र विकलं जात नाही. रिझर्व्ह सहसा खालच्या अंदाजापेक्षा वर ठेवता येत नाही, म्हणजे इथे जास्तीत जास्त 8 लाख.

गावाकडच्या विकणाऱ्याचं खरं संरक्षण या रिझर्व्हमध्ये आहे. तो किती, हे करारात आकड्यात लिहून घ्या. “बाजार बघून ठरवू” असं कलम असेल तर हातोडा पडेपर्यंत अधिकार त्यांच्याकडे राहतो. पण हट्टानं फार उंच रिझर्व्हही ठेवू नका. कमी अंदाजाला जास्त लोक बोलीत उतरतात आणि किंमत चढते, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर नंतर संशय येतो. बोली रिझर्व्हच्या खाली असेपर्यंत लिलाव पुकारणारा तुमच्या वतीनं बोली वाढवू शकतो. विक्रीच्या अटींत ते लिहिलेलं असतं.

चित्र विकलंच गेलं नाही तर?

चित्र तुमचंच राहतं, पण खर्च राहू शकतो. परतीची वाहतूक, विमा, फोटो आणि काही ठिकाणी न विकल्याचं वेगळं शुल्क. सही करण्याआधी एवढं एक वाक्य करारात घालून घ्या: चित्र न विकल्यास विक्रेत्याकडून कोणताही आकार घेतला जाणार नाही. लहान किमतीच्या चित्राला कमिशनमधल्या दोन टक्क्यांपेक्षा या वाक्यानं जास्त पैसे वाचतात. सही केल्यावर तुम्ही स्वतः चित्र मागे घेतलंत तर मात्र माघारीचं शुल्क लागतं आणि ते चांगलंच जड असतं.

न विकलेल्या चित्राचा बाजारात बोभाटा होतो. घेणारे जुने निकाल काढून बघतात. पुन्हा लिलावात घालायचं तर मध्ये काही वर्षं जाऊ द्यावीत.

किमतीची हमी म्हणजे काय? हमीभावासारखंच का?

बरंचसं तसंच. लिलावाआधीच लिलावगृह सांगतं की निकाल काहीही लागो, तुम्हाला इतके पैसे मिळतील. पण सोयाबीनचा भाव हमीभावाच्या वर गेला तर वरचा सगळा पैसा शेतकऱ्याचा असतो. इथे वरच्या पैशात हमी देणाऱ्याचा वाटा असतो. सगळी गोम त्या वाट्यात आहे.

आकड्यात बघू. हमी 50 लाखांची, कमिशन शून्य आणि वरच्या रकमेत लिलावगृहाचा वाटा 30 टक्के, असा करार झाला. हातोडा 40 लाखांवर पडला तरी तुम्हाला 50 मिळतात, 10 लाखांचा खड्डा लिलावगृह भरतं. बोलीच आली नाही, तर तुम्हाला 50 लाख देऊन चित्र त्यांचं होतं. हातोडा 70 लाखांवर पडला तर वरच्या 20 लाखांतले 6 लाख ते घेतात आणि तुमच्या हातात 64 येतात. हमी न घेता 5 टक्के कमिशन दिलं असतं तर 70 लाखांवर साडेसहासष्ट लाख मिळाले असते, पण 40 लाखांवर 38 च. चांगल्या दिवशी अडीच लाख सोडायचे आणि वाईट दिवशी 12 लाख वाचवायचे, असा हा सौदा आहे. मुलीचं लग्न किंवा कर्जफेड त्या पैशावर अवलंबून असेल तर मी हमी घ्या म्हणेन. घाई नसेल आणि चित्र उत्तम असेल तर हमीशिवाय उतरा.

हमी दिली की लिलावगृहाचा स्वतःचा पैसा चित्रात अडकतो. मग अंदाज किती छापायचा आणि रिझर्व्ह किती ठेवायचा, यात त्यांचा शब्द वजनदार होतो. हे गृहीत धरूनच बोला.

हमीचे पैसे देतं कोण? बुडाले तर?

दोन प्रकार आहेत. एकात लिलावगृह स्वतःच्या खिशातून हमी देतं. 2015 मध्ये सदबीजनं टॉबमन यांच्या वारसांना सुमारे 50 कोटी डॉलरची हमी दिली होती. हे तेच टॉबमन, ज्यांची गोष्ट वर आली. विक्री त्या आकड्याला पुरली नाही आणि फरक कंपनीनं सोसला. 2008 च्या मंदीतही हमी दिलेल्या चित्रांवर लिलावगृहांना मोठा फटका बसला आणि नंतर काही काळ त्यांनी हात आखडता घेतला.

म्हणून दुसरा प्रकार वाढला. बाहेरचा एखादा श्रीमंत संग्राहक किंवा व्यापारी लिलावाआधीच ठरावीक रकमेची बोली लिहून देतो आणि ती त्याला मागे घेता येत नाही. कुणी त्याच्या वर गेलं तर त्याला जोखमीचा मोबदला मिळतो. कुणीच गेलं नाही तर चित्र त्याच्या गळ्यात. ‘साल्वातोर मुंदी’लाही अशी बाहेरची हमी होती. मोठी लिलावगृहं अशा चित्रांशेजारी कॅटलॉगमध्ये छोटं चिन्ह छापतात, कारण खोलीत बोली लावणाऱ्यांपैकी एकाचा हितसंबंध वेगळा आहे हे बाकीच्यांना कळायला हवं. तुमचा करार मात्र लिलावगृहाशीच असतो. पैसे कोणत्या तारखेला देणार, हे तिथेच लिहून घ्या.

अनेक चित्रांना मिळून एकच हमी देत असतील तर थांबा. एका चित्राची तूट दुसऱ्याच्या नफ्यातून भरली जाते आणि वरचा वाटा त्यानंतर मोजला जातो. भावांमध्ये चित्रं वाटलेली असतील तर यातून भांडणं होतात.

आमच्या घरच्या चित्राला हमी मिळेल का?

बहुधा नाही. हमी फार किमती आणि हमखास मागणी असलेल्या कामांना मिळते. पाच-दहा लाखांच्या चित्रासाठी ती मागत बसू नका. योग्य रिझर्व्ह आणि न विकल्यास शून्य आकार, या दोन गोष्टी मिळवल्यात तरी काम झालं.

लिलावगृह आगाऊ पैसे देत आहे. तीच हमी ना?

नव्हे, ती उचल आहे. चित्र विकलं नाही किंवा कमी किमतीला गेलं तर ती परत करावी लागते, बहुतेक वेळा व्याजासकट. तोवर चित्र त्यांच्या ताब्यात. कागदावर ‘अ‍ॅडव्हान्स’ आहे की ‘गॅरंटी’, हे सहीआधी नीट वाचा.

घरात रविवर्म्याचं चित्र आहे. किती येतील?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. आधी ते रंगवलेलं आहे की छापलेलं, ते बघू. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत घाटकोपरला छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या आणि आपल्या वाड्यांतही आहेत. आर्वीकडच्या एका वाड्यात अशी लक्ष्मी देवघराच्या चौकटीवर होती. वर्षानुवर्षांच्या उदबत्तीच्या धुरानं काच पिवळी पडलेली, लुगड्याच्या काठावर घरच्याच बाईनं शिवलेली जर आणि टिकल्या. काच काढून गालावर भिंग धरलं तर त्वचेचा रंग बारीक ठिपक्यांचा बनलेला दिसला. ब्रशचा फटकारा कुठेच नाही. तळाशी छापखान्याच्या नावाची अर्धी ओळ फ्रेमखाली दबलेली होती. ते तैलचित्राची छपाई म्हणजे ओलिओग्राफ होतं. त्यालाही गिऱ्हाईक असतं, पण किंमत मूळ चित्राच्या आसपासही नसते. ती जर आणि टिकल्या मात्र उसवू नका. संग्राहकांना त्या हव्या असतात.

चित्र पुसू नका, ओल्या फडक्यानं तर अजिबात नाही. मागची बाजूही जशी आहे तशी ठेवा. जुनी चिठ्ठी, दुकानाचं लेबल, पेन्सिलीतली तारीख हे सगळं पुरावा आहे. पुढून एक, मागून एक आणि सहीचा एक, असे फोटो दिवसाच्या उजेडात काढा. प्राथमिक मतासाठी मुंबईला जावं लागत नाही, फोटोवर काम भागतं.

मूळ रविवर्मा निघालाच तर परदेशात विकता येईल का?

येणार नाही. 1972 च्या पुरावशेष आणि कलासंपत्ती कायद्याखाली नऊ चित्रकारांची कामं राष्ट्रीय कलासंपत्ती मानली आहेत. त्यांत राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, रवींद्रनाथ टागोर, नंदलाल बोस, जामिनी रॉय ही नावं आहेत. ही चित्रं भारतात विकता येतात, देशाबाहेर नेता येत नाहीत. शंभर वर्षांहून जुन्या चित्र-शिल्पांना पुरावशेषांचे नियम लागतात. त्यांची नोंदणी पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे करावी लागते आणि निर्यात बंद आहे.

शेतात नांगरताना मूर्ती सापडली. ती लिलावात घालता येईल?

नाही. जमिनीत पुरलेली मौल्यवान वस्तू सापडली तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आधी तलाठ्याला सांगा. देवळातल्या मूर्तीचा तर प्रश्नच नाही, ती कुणा एकाची नसते.

चित्र आजोबांचं, वारस पाच. सही कोणाची?

पाचांचीही. वाटणीपत्रात चित्राचा उल्लेख नसेल तर सगळ्यांचं लेखी संमतिपत्र करून ठेवा. पुण्यातल्या आत्याबाईंचीही सही घ्या. लिलावगृह मालकीची हमी तुमच्याकडूनच लिहून घेतं. नंतर कुणी दावा ठोकला तर विक्री रद्द होऊन मिळालेले पैसे परत करावे लागू शकतात.

मी गडचिरोलीचा चित्रकार आहे. माझी चित्रं थेट लिलावात घालू का?

घाईनं घालू नका. नाव होण्याआधी चित्र लिलावात न विकलं गेलं तर ती नोंद मागे लागते. आधी प्रदर्शन आणि गॅलरी बघा. पण एक हक्क माहीत असू द्या. प्रताधिकार कायद्याच्या कलम 53अ नुसार, तुमचं मूळ चित्र पुढे कुणी 10 हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं तर त्या किमतीत तुम्हाला किंवा तुमच्या वारसांना वाटा मागता येतो. हा वाटा 10 टक्क्यांहून जास्त असू शकत नाही. व्यवहारात तो क्वचितच पदरात पडतो. तरी विकलेल्या प्रत्येक चित्राचा फोटो, तारीख, किंमत आणि घेणाऱ्याचं नाव वहीत ठेवा. ती नोंद नसेल तर मागणार कशाच्या आधारावर?

पैसे कधी मिळतात?

हातोडा पडल्यानंतर साधारण महिना-दीड महिन्यात, तेही घेणाऱ्यानं पैसे भरल्यावर. त्यानं भरलेच नाहीत तर तुमचं चित्र परत मिळणार की पुन्हा लिलावात जाणार, याचं कलम करारात शोधा.

आयकर लागतो का? घरचीच वस्तू आहे ना?

लागतो. कपडे-भांडी यांसारखी घरगुती वस्तू म्हणून चित्राला सूट नाही. भांडवली नफा धरला जातो. 24 महिन्यांहून जास्त काळ मालकीत असेल तर दर 12.5 टक्के, आणि वारशानं आलेल्या चित्रात आधीच्या मालकाचा काळही मोजतात. चित्र 1 एप्रिल 2001 पूर्वी घरात आलं असेल तर त्या दिवशीची बाजारकिंमत ही खरेदी किंमत म्हणून धरता येते. ती काढण्यासाठी मूल्यांकन करून घ्यावं लागतं. लिलावगृहानं कापलेलं कमिशन विक्रीचा खर्च म्हणून वजा होतं, म्हणून पट्टी जपून ठेवा आणि सीएकडे न्या.

गावात एक माणूस आलाय. म्हणतो मोठ्या लिलावात घालतो, आधी नोंदणीचे पाच हजार द्या.

देऊ नका. लिलावगृहाची कमाई विक्रीनंतरच्या कमिशनमधून होते. चित्र बघायच्या आधी रोख पैसे मागणारा, किंवा “आत्ताच सांगा, संध्याकाळी मी निघतो” म्हणत नोटा मोजणारा, दोघांनाही चहा पाजून वाटेला लावा. पावती आणि करार झाल्याशिवाय चित्र उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नका, अगदी “फक्त दाखवून आणतो” म्हटलं तरी.

करार इंग्रजीत आहे. काय करावं?

एक प्रत मागून घ्या आणि तालुक्याच्या वकिलाकडून हे सहा मुद्दे मराठीत लिहून घ्या: कमिशनचा टक्का, इतर आकार, रिझर्व्हचा आकडा, न विकल्यास काय, माघारीचं शुल्क, पैसे देण्याची मुदत. यातला एकही मुद्दा कोरा असेल तर लिलावगृहाला ई-मेल करून लेखी उत्तर मागवा आणि ते आल्यावरच सही करा.